नत्थूजींच्या आवाजाचं कार्ड

विश्वनाथ निनावे जिना चढून वर आले तेव्हा त्यांच्या हातात तर्री-पोह्याचं पार्सल होतं आणि मागे रडून डोळे सुजलेली एक मुलगी होती. पार्सल त्यांनी टेबलावर ठेवलं, मुलीला खुर्ची दिली आणि मग स्वतः धापा टाकत बसले.

"ही मोनाली. आमच्या गल्लीतल्या गभण्यांची," ते म्हणाले. "पोरगी कामाची पक्की आहे, एवढं मी सांगतो. बाकी तू पाहून घे."

उन्नती वैरागडेचं ऑफिस हुडकेश्वर रोडवर, एका औषधाच्या दुकानाच्या वर. पाटीवर 'खासगी तपास' असं भारदस्त लिहिलेलं असलं, तरी बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा खरंच पुण्यात इंजिनिअर आहे का, की नुसताच पुण्यात आहे, या जातीची. विश्वनाथकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि घरी बसून काकूंच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना इकडे धाडलं. ते उन्नतीची गाडी चालवतात आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार शोधून मोकळे होतात. आजवर एकदाही तो बरोबर निघालेला नाही, पण म्हणून त्यांचा उत्साह काही कमी झालेला नाही.

मोनालीने पोह्यांना हात लावला नाही. तिने सांगितलं ते असं.

ती तीन वर्षांपासून स्वानंद चोपकर यांच्या स्टुडिओत व्हिडिओ शूटिंग करत होती. वीस दिवसांपूर्वी बेशाच्या एका लॉनवर श्वेता भोयर हिचं लग्न झालं. श्वेताचे वडील नत्थूजी कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला होता. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं होतं आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता.

म्हणून लग्नाच्या दिवशी, अक्षता पडून पंगती बसल्यावर, नत्थूजींनी मोनालीला मुलीकडच्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर चाळीस मिनिटं बोलले. श्वेतासाठी. खोलीत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. श्वेता मांडवपरतणीला माहेरी येईल तेव्हा तिला हे दाखवायचं, असं त्यांनी बजावलं होतं. ऑपरेशनमुळे मांडवपरतणी लांबली होती. ती आता परवा, रविवारी होती.

"आणि ते बोलणं कुठंच नाही," मोनाली म्हणाली. "स्वानंददादा म्हणतात, तू बटणच दाबलं नसशील, नाहीतर कार्ड भंगार होतं. मॅडम, मी चाळीस मिनिटं तो लाल दिवा पाहून राहिली होती. एकदाही बंद नाही पडला. आता तो माणूस पुन्हा बोलू शकत नाही. श्वेताताईले मी काय सांगू?"

कार्ड रिकामं निघालं त्याच दिवशी स्टुडिओतून तिला घरी बसवलं होतं. पण ती नोकरीबद्दल फारशी बोललीच नाही. तिला ते बोलणं हवं होतं. समोर बसून ऐकणारी ती एकटीच होती आणि त्याचं ओझं तिला सहन होत नव्हतं.

उन्नतीने तिला चहा पाजला आणि कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाबद्दल विचारलं. ते स्टुडिओचं होतं की तिचं?

कार्ड मोनालीचं स्वतःचं होतं. सप्टेंबरात तिने ते पारखून घेतलं होतं. कॅमेरा फार बारीक चित्र घेतो, त्यामुळे कार्डाला लिहिण्याचा वेग लागतो. पाकिटावर जो मोठा आकडा छापतात तो वाचण्याचा वेग असतो, दुकानदार तोच दाखवून गिऱ्हाईक गटवतो. लिहिण्याचा वेग पाहायचा तर कार्डावर बारीक अक्षरात इंग्रजी व्ही आणि पुढे तीस असं असायला पाहिजे. तेवढं असलं की चित्र अडत नाही. आणि तिने मुद्दाम नखाएवढं छोटं कार्ड घेतलं होतं. ते तिच्या टॅबमध्येही जातं आणि एका कव्हरात, म्हणजे अ‍ॅडॅप्टरमध्ये, सरकवलं की कॅमेऱ्यातही चालतं. घरी जाताना बसमध्ये टॅबवर काम पाहता येतं.

"किती जीबीचं?" विश्वनाथकाकांनी विचारलं. एकशे अठ्ठावीस, असं कळल्यावर ते खूश झाले. "मग तर लई फास्ट आसन."

एवढ्या दुःखातही मोनालीला राहवलं नाही. "काका, ते किती मावतं त्याचा आकडा आहे. कोठी मोठी असली म्हणून तिचं तोंड मोठं असतं का?"

काकांनी पोह्यांकडे लक्ष वळवलं.

लग्नाच्या दिवशी नत्थूजींचं बोलणं संपलं तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते, असं मोनाली पुढे म्हणाली. नत्थूजी थकून, आपला टॅब उशाशी घेऊन तिथल्याच पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, जा पोरी, जेवून घे. मोनाली कॅमेरा टेबलावर ठेवून गेली. कार्ड आतच होतं. तीनच्या सुमारास पाठवणीची गडबड सुरू झाली, तेव्हा तिचा जोडीदार साहिल खोलीतून तो कॅमेरा घेऊन आला आणि त्याने पाठवणी शूट केली. मोनालीच्या हातात तेव्हा दुसरा कॅमेरा होता. मधल्या वेळात नत्थूजींचा मुलगा अमोल आईची बॅग न्यायला खोलीत जाऊन आला होता. संध्याकाळी सगळं सामान स्वानंद घेऊन गेला.

"अजून एक सांगायचं आहे," मोनाली खाली पाहत म्हणाली. नत्थूजी बोलण्याआधी फार घाबरले होते. हे जाणार तर नाही ना, असं त्यांनी तीनदा विचारलं. त्यांना धीर यावा म्हणून तिने सांगितलं की आमच्या कॅमेऱ्यात बोलणं एकाच वेळी दोन कार्डांत साठतं. एरवी ते खरंही असतं. पण त्या दिवशी दुसरं कार्ड सकाळीच भरलं होतं आणि ती जागा रिकामी होती.

ती गेल्यावर काकांनी आपला निकाल देऊन टाकला. साहिल. कॅमेरा त्याच्याच हातात होता.

स्वानंद चोपकर माणूस वाईट नव्हता, फक्त आपलं चुकत नाही अशी त्याची ठाम समजूत होती. त्याने स्टुडिओतल्या कपाटातून एक डबी काढली आणि त्यातलं कार्ड कव्हरासकट उन्नतीच्या हातावर ठेवलं. कव्हरावर कुंकवाचा सुकलेला ठिपका होता. खंडेनवमीला स्टुडिओत कॅमेरे, दिवे, कार्डं, सगळ्यांची पूजा होते. मोनालीने तेव्हा आपलं नवं कार्डही पाटावर ठेवलं होतं. हे तेच, यात शंका नाही, असं स्वानंद म्हणाला. आत काही आहे की नाही ते त्याने लॅपटॉपवर दाखवलं.

आत फक्त पाठवणी होती. तीही धड नव्हती. दहा सेकंद, सात सेकंद, बारा सेकंद, असे एकवीस तुकडे. शूटिंग मध्येमध्ये आपोआप थांबत होतं. उन्नतीने पहिल्या तुकड्याचा नंबर पाहिला. तो एक होता.

"कार्ड भंगार आहे, दुसरं काय," स्वानंद म्हणाला. "आणि बाईसाहेब ते टॅबमध्ये घालून गाणी ऐकत होत्या. मी पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर लावलं ना, तर काय निघालं? भजनं. चाळीसेक भजनांचे तुकडे. नत्थूजींचा एक शब्द नाही. म्हणजे रेकॉर्डिंग झालंच नव्हतं, मॅडम. सरळ गोष्ट आहे."

मोनालीने भजनांबद्दल काही सांगितलं नव्हतं. उन्नतीने तिला तिथूनच फोन लावला. भजनं मी कधीच भरली नाहीत, असं मोनालीने शपथेवर सांगितलं.

उन्नतीने कव्हर उघड्या खिडकीशी नेलं, नखाने आतलं छोटं कार्ड ओढून काढलं आणि बराच वेळ पाहिलं. काकांनीही चष्मा वर करून पाहिलं. काळं कार्ड, कंपनीचं नाव, एकशे अठ्ठावीस, आणि एका गोलात दहाचा आकडा. एवढंच. तिने ते परत आत सरकवलं आणि विचारलं की हे कधी बाहेर काढून पाहिलं होतं का.

"ते कशाला बाहेर काढायचं?" स्वानंद म्हणाला. "आम्ही कव्हरासकटच लावतो. नखाएवढी वस्तू, पडली तर सापडायची नाही."

साहिल मागच्या खोलीत एडिटिंग करत होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, केस कपाळावर, नजर सगळीकडे, फक्त समोर नाही. कॅमेरा उचलला, चालू केला, पाठवणी शूट केली, बस, असं तो म्हणाला. खोलीत नत्थूजी झोपलेले होते. कॅमेऱ्याने काही तक्रार केली होती का, असं उन्नतीने विचारल्यावर त्याने नाही म्हणायला जरा जास्तच वेळ घेतला.

"मी म्हणलं होतं ना," गाडीत बसल्या बसल्या काका म्हणाले.

भोयरांचं घर बेशाला, जुन्या लेआउटमध्ये. अमोल गेटवरच थांबला होता. त्याने एक अट घातली. बाबांना यातलं काही माहीत नाही आणि माहीत होऊ द्यायचं नाही. टाके नुकतेच भरून येत होते, डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलं होतं. म्हणून घरात त्या रेकॉर्डिंगचा विषयच कोणी काढत नव्हतं. उन्नती म्हणजे अमोलच्या ऑफिसातली ओळखीची बाई, असं ठरलं.

पोर्चमध्येच त्याने आपली बाजू सांगून टाकली, कोणी विचारायच्या आधी. श्वेताने स्वतः मुलगा पसंत केला तेव्हा त्याने दोन वर्षं विरोध केला होता. बहिणीशी बोलणं टाकलं होतं. बाबांनी त्या चाळीस मिनिटांत आपल्याबद्दल काय म्हटलं असेल, याची त्याला धास्ती होती, हेही त्याने कबूल केलं.

"पण मॅडम, मी ते नष्ट करीन? आईची बॅग घेतली न् बाहेर आलो. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. गेल्या दिवाळीले मीच त्याहिले टॅब घेऊन दिला, ऑनलाइन सगळ्यात स्वस्त, मोठ्या जागेचं कार्ड पाहून आणलं, स्वतः बसून त्यात भजनं भरून दिली. बापाचा आवाज मी फेकून देईन काय?"

नत्थूजी पोर्चच्या टोकाला उन्हात खुर्ची टाकून बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर टॅब, कानात इयरफोन. पाहुण्यांना पाहून त्यांनी इयरफोन काढला आणि टॅबवर बोटाने लिहिलं, 'बसा. संत्री घ्या. घरची आहेत.' अक्षर सुबक होतं. बोटं लांब आणि सावकाश चालणारी होती. कोराडीला ते तीस वर्षं मीटर आणि घड्याळांच्या पॅनेलवर होते, सुईएवढे स्क्रू खोलायचं काम.

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई चहा घेऊन आल्या. नत्थूजींनी ट्रेमधून आपला कप उचलला आणि त्या जागी हातातली चष्म्याची डबी ठेवली.

"पाहा," कौसल्याबाई म्हणाल्या. "कोराडीची सवय. तिथं पॅनेलवरचं मीटर काढलं की लगेच दुसरं लावा लागे, भोक उघडं ठेवाचं नाही. आता घरी तेच. फ्रिजमधून बाटली काढली की दुसरी ठेवते. पुसाले बल्ब काढला की आधी दुसरा लावते. रिकामी जागा ह्याहिले पाहावतच नाही."

नत्थूजी हसले. हसण्याला आवाज नव्हता, त्यामुळे ते पाहून पहिल्यांदा भेटणाऱ्याला काय करावं कळत नसे. काकांनी घाईघाईने संत्रं सोलायला घेतलं.

कौसल्याबाई मग उन्नतीला घर दाखवायला आत घेऊन गेल्या आणि तिथे त्यांचं मन मोकळं झालं. दवाखान्यातून आल्यापासून हे असेच बसतात. दिवसभर कानात ते घालून भजनं ऐकतात. टॅबला नेट नाही, अमोलने भरून दिलं तेवढंच. कधीकधी ऐकता ऐकता डोळे भरून येतात. मागच्या आठवड्यात त्यांनी गेटला स्वतःच्या हाताने बेल बसवली. तीस वर्षं त्या घराला बेल नव्हती. कोराडीच्या बसमधून उतरले की ते गेटवरूनच श्वेताला हाक मारायचे, ती धावत जायची.

"आता हाक कशी मारन?" कौसल्याबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "म्हणून बेल."

परतीच्या वाटेवर काकांनी आपला निकाल बदलला. आता अमोल. त्याला कारण होतं, तो खोलीत गेला होता आणि विचारायच्या आधी बोलला होता.

उन्नती खिडकीबाहेर पाहत होती. "काका, आपण कोणाकोणाला विचारलं?"

काकांनी नावं घेतली. मोनाली, स्वानंद, साहिल, अमोल, कौसल्याबाई.

"आणि त्या खोलीत त्या तासाभरात सगळ्यात जास्त वेळ कोण होतं?"

काकांनी समोरच्या ट्रककडे लक्ष दिलं. प्रश्न त्यांना अन्यायाचा वाटला असावा.

रविवारी सकाळी अकराला उन्नतीने सगळ्यांना भोयरांच्या पुढच्या खोलीत बसवलं. मोनाली दाराजवळ उभीच राहिली. स्वानंद सोफ्यावर, साहिल त्याच्या बाजूला, कौसल्याबाई आणि अमोल समोर, विश्वनाथकाका संत्र्यांच्या टोपलीशी. नत्थूजी बाहेर उन्हात आपल्या खुर्चीवर होते. श्वेता आणि तिचा नवरा बाराच्या आत पोचणार होते. तिला काय सांगायचं हे अमोलने रात्रभर घोकलं होतं आणि त्याचा चेहरा तसा दिसत होता.

"आधी वेगाचं पाहू," उन्नती म्हणाली. "त्या दिवशी याच कॅमेऱ्यात, याच कार्डावर, चाळीस मिनिटं सलग शूटिंग झालं. मोनालीसमोर लाल दिवा एकदाही विझला नाही. तासाभराने तेच कार्ड दहा सेकंदांत अडखळायला लागलं. एकवीस तुकडे. स्वानंददादा म्हणतात कार्ड भंगार. पण कार्ड काही दुपारी दमत नाही."

रेकॉर्डिंग झालंच नसेल, असं स्वानंदने पुन्हा म्हटलं. उन्नतीने नकारार्थी मान हलवली. पाठवणीच्या पहिल्या तुकड्याचा नंबर एक होता. कॅमेरा नंबर एकपासून सुरू करतो तो कार्ड नव्याने पुसल्यावर. म्हणजे तीनच्या सुमारास कोणीतरी ते कार्ड पूर्ण पुसलं होतं.

साहिल सोफ्यावरून उठून उभा राहिला.

"मी केलं, मॅडम," तो म्हणाला. "कॅमेरा चालू केला तर म्हणाला, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का. बाहेर सगळे ओरडून राहिले होते, नवरी निघाली, नवरी निघाली. मी हो दाबलं. मग आठवलं, त्यात काय होतं ते. वीस दिवस झाले, मले झोप नाही."

मोनालीने त्याच्याकडे पाहिलं. वीस दिवस तिला सगळ्यांनी खोटी ठरवलं होतं आणि हा स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून गप्प राहिला होता. तिला इतका राग आला की डोळ्यांतलं पाणीच आटलं.

"तू पुसलंस हे खरं," उन्नती शांतपणे म्हणाली. "पण काय पुसलंस? पुसलेलं परत काढलं तर भजनं निघाली. चाळीस भजनांचे तुकडे, आणि तासाभरापूर्वीच्या चाळीस मिनिटांतला एक शब्द नाही? ते बोलणं त्या कार्डावर असतं तर थोडंफार तरी निघालं असतं. शिवाय कॅमेरा ज्या कार्डावर आत्ता लिहीत होता, तेच त्याला तासाने वाचता येत नाही असं कसं होईल? कॅमेऱ्याला ते परकं वाटलं, कारण ते परकंच होतं. कव्हर मोनालीचं. आतलं कार्ड दुसऱ्याचं."

तिने स्वानंदने आणलेल्या डबीतलं कव्हर काढलं आणि आतलं छोटं कार्ड ओढून मोनालीच्या तळहातावर ठेवलं. मोनालीने ते उजेडात धरलं. तिला दोन सेकंद पुरले.

"व्ही तीस नाही," ती म्हणाली. "नुसतं गोलात दहा. हे माझं नाही."

कुंकू कव्हराला लागलं होतं, म्हणून सगळे आतलंही तेच धरून चालले. स्वानंद डोकं खाजवत बसला. अमोलने ते कार्ड हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. स्वस्त, मोठ्या जागेचं, भजनांनी भरलेलं कार्ड त्याने एकदाच विकत घेतलं होतं.

"हे बाबांच्या टॅबमधलं आहे," तो म्हणाला.

"हो. आणि म्हणूनच हे तुम्ही केलेलं नाही. ज्याला आवाज नष्ट करायचा असतो तो कार्ड खिशात घालतो आणि चालायला लागतो. त्या जागी दुसरं बसवत नाही." उन्नतीने कौसल्याबाईंकडे पाहिलं. "काकू, काही काढलं की त्या जागी लगेच दुसरं ठेवल्याशिवाय चैन न पडणारा माणूस इथे एकच आहे."

कौसल्याबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"अजून एक. भजनांचं कार्ड वीस दिवस स्वानंददादांच्या कपाटात आहे. टॅबला नेट नाही. मग नत्थूजी दिवसभर इयरफोन घालून काय ऐकतात?"

उन्नती उठली आणि पोर्चमध्ये गेली. मागोमाग एकेक करून सगळे आले. ती नत्थूजींच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि वीस दिवसांत ज्यांना जपायचं म्हणून कोणी एक शब्द विचारला नव्हता, त्यांना तिने सरळ विचारलं.

"काका, लग्नाच्या दिवशीचं तुमचं बोलणं तुमच्याजवळ आहे का?"

नत्थूजींनी इयरफोन काढला. सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग ते लिहायला लागले, सावकाश, एकेक ओळ, आणि अमोल ती मोठ्याने वाचत गेला.

'आहे. बरोबर आलं का पाहाले काढून माझ्या टॅबमध्ये घातलं होतं. रिकामी जागा नको म्हणून त्या कव्हरात माझं कार्ड लावून ठेवलं.'

'परत लावणार होतो. तेवढ्यात दारात अमोल आला. लाज वाटली, झोपल्याचं सोंग घेतलं. मग साहिल कॅमेराच घेऊन गेला. मग दवाखाना.'

'पोरगी म्हणाली होती, दोन ठिकाणी साठते. म्हटलं, एक स्टुडिओत आसन, एक माझ्याजवळ राहू दे. हा आवाज मले पुन्हा कुठं भेटन?'

पुढची ओळ अमोलच्या खांद्यावरून वाकून कौसल्याबाईंनी वाचली.

'मागितलं आसतं तर दिलं आसतं. कोणी मागितलंच नाही.'

नत्थूजींनी मोनालीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी आणखी एक ओळ लिहून टॅब तिच्याकडे वळवला. 'तुले त्रास झाला का, बेटा?'

"नाही काका," मोनाली म्हणाली आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. स्वानंदने तिच्याकडे न पाहता, उद्यापासून कामावर ये, असं काहीतरी पुटपुटलं. साहिल म्हणाला की आधी त्याची दुसरी कॉपी काढू, आत्ता, लगेच. विश्वनाथकाकांनी नत्थूजींना सोललेलं संत्रं दिलं.

नत्थूजींनी संत्रं घेतलं आणि त्या जागी, काकांच्या तळहातावर, इयरफोनची गुंडाळी ठेवली. वायर त्यांनी टॅबमधून काढून टाकली होती. त्यांनी बोटाने चित्र सुरुवातीला नेलं आणि चालू केलं.

पडद्यावर लग्नाचा फेटा बांधलेले नत्थूजी घसा खाकरत होते. आवाज घोगरा होता, मध्येच तुटत होता, पण टॅब पूर्ण मोठ्याने लावलेला होता आणि सकाळची गल्ली शांत होती.

"श्वेते, गेट उघड वं. तुझा बाप आला."

गेटपाशी नुकतीच एक स्कूटर थांबली होती. श्वेताचा हात नव्या बेलच्या बटणावर होता. तिने तो खाली घेतला, कडी काढली आणि गेट उघडलं.